सरसाचा वास

प्रेमानंदने डिझेलचा रिकामा ड्रम लोळवत आणला, फाटकाच्या मधोमध उभा केला आणि त्यावर दोन्ही हात टेकून तो रस्त्याकडे बघत राहिला.

खडगावच्या रस्त्यावर, गोदामांची रांग संपते तिथे, हिरव्या जाळीने झाकलेला एक ट्रक तिरपा उभा होता. ट्रकवर काहीतरी धुरासारखं हलत होतं. तो धूर नव्हता, मधमाश्या होत्या, हे प्रेमानंदला इतक्या लांबूनही कळत होतं. ट्रकजवळ एकही हमाल नव्हता. सगळे समोरच्या शेडमध्ये शिरून शटर अर्धं ओढून उभे होते.

अर्ध्या तासापूर्वी नागसेनचा फोन आला होता. तो आणि प्रेमानंद वाडीच्या एकाच ट्रान्सपोर्ट गोदामात सुपरवायझर होते. आज रविवार, म्हणून प्रेमानंद वावरात होता आणि नागसेन ड्युटीवर.

"भाऊ, तुमच्यासारख्याच पेट्यांचा ट्रक इथं बंद पडला. क्लच गेला. दोन हमालांले चावल्या न. बाजूच्या गोदामवाला म्हणून राहिला, गाडी हटवा, नाही तं फवारा मारतो. तुमच्याकडं पाठवून देऊ का?"

"नाही," प्रेमानंद म्हणाला होता. "बिलकुल नाही."

तरी ती ट्रकवाली येत होती. डोक्यावरून पदर, साडीवर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट, तोंडावरची जाळीची टोपी मागे सरकवलेली. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण चाल झपाझप. जवळ आल्यावर दिसलं, तिची डावी पापणी चाव्याने सुजून डोळा जवळजवळ मिटला होता.

"प्रेमानंदभाऊ तुम्हीच का?"

"मीच. पण पेट्या इथं उतरवता येणार नाही."

"मी अंजनाबाई. चांदूर बाजारहून आलो. संत्र्याचा बहार आटोपला, आता बालाघाटच्या जंगलाकडं चाललो. राती निघालो होतो, उन्हाच्या पहिले पोचलो असतो. इथंच क्लच बसला." तिने एका दमात सांगितलं. "सावली पायजे अन् पाणी. सांजपर्यंत. गाडी दुरुस्त झाली का चाललो."

होळी नुकतीच झाली होती. सकाळचे दहाही वाजले नव्हते, पण ड्रमचा पत्रा हाताला चटका देऊ लागला होता. चालत्या गाडीत पेट्यांना वारा लागतो. उभ्या गाडीत, दारांना जाळ्या ठोकलेल्या पेट्यांमध्ये काय होतं, ते प्रेमानंदला कोणी सांगायला नको होतं. आत कोंडलेल्या माश्या गारव्यासाठी पंख हलवतात, पंखांनी आणखी उष्णता होते, आणि शेवटी त्या आपल्याच वाफेत उकडून मरतात.

पण त्याला दोन वर्षांपूर्वीचंही आठवत होतं. शेजारच्या वावरात असाच एक फिरता मधपाळ महिनाभर मुक्कामाला होता. तो गेल्यावर थोड्याच दिवसांत प्रेमानंदच्या पेट्यांपुढे पंख चुरगळलेल्या माश्या जमिनीवरून पायी चालताना दिसू लागल्या. माइट, गोचिडासारखा तांबडा बारीक कीडा, आतल्या अळ्यांचं रक्त पीत होता. थंडी संपेपर्यंत एकही वसाहत उरली नाही. त्यानंतर त्याने सगळं नव्याने उभं केलं, आणि तेव्हापासून पेट्या उघडायची दुसऱ्याची पटाशी, दुसऱ्याचे हातमोजे, दुसऱ्याची जुनी पेटी, काही म्हणजे काही फाटकाच्या आत येऊ दिलं नव्हतं.

"रोग आहे का काही?" त्याने विचारलं.

अंजनाबाईने उघड्या डोळ्याने त्याच्याकडे बघितलं. "नाही."

"माइट?"

"माइट कोणाकडं नाही, भाऊ? औषधाच्या पट्ट्या लावलेल्या आहेत. पायजे तं पाहा."

"अहो," मागून वनमालाचा आवाज आला. त्याची बायको हौदापाशी धुणं टाकून कधी येऊन उभी राहिली, ते त्याला कळलं नव्हतं. "मरून राहिल्या न त्या."

"तू मधात नको बोलू वं."

"काहून नको? वावर माह्या बापाचं आहे."

ती रागाने म्हणाली नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं, आणि ते तोंडातून निघाल्यावर तीही क्षणभर चपापली. मग पुढे होऊन तिने ड्रमला हात लावला. प्रेमानंदने थोडा वेळ ड्रम धरून ठेवला आणि सोडला.

गोदामाच्या ट्रॅक्टरने ट्रक ओढत आत आणला. गाडी चालवणारा धोंडबा, अंजनाबाईचा दीर, खाली उतरून दोर सोडू लागला. पण एकही पेटी उतरवण्याआधी प्रेमानंद स्वतः ट्रकवर चढला. दाखवलेली पेटी त्याने घेतली नाही. मधल्या थरातली, दबलेली एक ओढून काढली आणि झाकण उचललं. उष्ण, ओला श्वास तोंडावर आला.

अंजनाबाई पोळ्याची एक चौकट वर धरून उभी राहिली, तो बघत राहिला. अळ्यांची घरं सलग होती, वरची झाकणं बिस्किटासारख्या रंगाची, फुगीर. उघड्या घरांत पांढऱ्याशुभ्र अळ्या वेटोळं करून पडल्या होत्या. त्याने टाचणीने नरांची काही घरं फोडली. एका पिल्लावर तांबडा ठिपका हलला. बस, एवढंच. दुसरी चौकट, तिसरी. पोळ्यात खोड काढावी असं काहीच नव्हतं, आता नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

"नाल्याकडच्या आंब्यांखाली ठेवा," तो खाली उतरत म्हणाला. "तिथून इकडे तुमचा माणूस फिरकणार नाही. बादली वेगळी. माह्या सामानाले हात लावायचा नाही. अन् जाळ्या काढायच्या पहिले मी माह्या पेट्यांचे फोटो काढून ठेवतो. उद्या माह्याकडं काही निघालं, तं ते कुठून आलं हे दाखवता आलं पाहिजे."

नागसेन ट्रॅक्टरबरोबर आला होता. गोदामाचे दोघे हमालही होते. सगळ्यांसमोर तो हे बोलला. अंजनाबाईचा चेहरा सुजेने आधीच ताठला होता, त्यावर काही उमटलं नाही.

"काढा," ती म्हणाली.

प्रेमानंदच्या पेट्या वावराच्या वरच्या अंगाला, लिंबाच्या झाडांमध्ये दोन रांगांत होत्या. मार्च महिना म्हणजे गोदामात वर्षअखेरीची झुंबड. सुट्ट्यासुद्धा कामातच गेल्या होत्या. बऱ्याच दिवसांत त्याने पेट्या नीट उघडल्या नव्हत्या, नुसतं दारावरचं येणं-जाणं बघून तो परतत असे. आता त्याने माश्या शांत करायचं धुराडं पेटवलं, मोबाइल शर्टाच्या खिशात उभा ठेवला आणि पहिल्या पेटीचं झाकण काढलं. चौकट उचलायची, उन्हाकडे धरायची, फोटो काढायचा. पहिली रांग भराभर झाली. आंब्याखालून हाकारे ऐकू येत होते. "हळू, हळू गा! आडवी नको करू!"

दुसऱ्या रांगेतली एक पेटी उचलताना हाताला हलकी लागली. झाकण काढल्याबरोबर वास आला. मधाचा नाही, मेणाचा नाही. सुताराच्या दुकानात सरस तापवायला ठेवतात, तसा चिकट, कुजका वास.

त्याने चौकट बाहेर काढली. घरांची झाकणं काळपट पडून आत बसली होती, ओलसर दिसत होती, आणि काहींना वेडीवाकडी बारीक भोकं होती. तो गुडघ्यांवर बसला. खिशातली आगपेटी काढून त्याने एक काडी घेतली, तिचं टोक एका घरात बुडवून फिरवलं आणि हळूच वर ओढलं. काडीबरोबर कॉफीच्या रंगाचा धागा वर आला. बोटभर ताणला आणि तुटला.

मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात अळ्या सडवणाऱ्या या रोगाचं चित्र एकदा पडद्यावर दाखवलं होतं. "आपल्याकडे दिसत नाही सहसा, माहिती म्हणून असू द्या," असं म्हणून सरांनी पुढचं चित्र लावलं होतं. त्या चित्राखालची ओळ मात्र प्रेमानंदला तोंडपाठ होती. याला औषध नाही. याचे जंतू लाकडात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. वसाहत मारायची, पेटीसकट जाळायची, पुरायची.

शेजारच्या पेटीतही तेच. तिच्यापलीकडच्या पेटीत दोन-चार घरं काळी होती, धागा निघतोय की नाही ते कळेना.  ही काडी कुठे टाकावी तेही सुचेना. खिशात घातली, परत बाहेर काढली, मुठीत धरली. मग पेट्यांची झाकणं लावली.

मोबाइलमध्ये शेवटचा फोटो त्या काळ्या झाकणांचा होता. उन्हामुळे पडदा दिसत नव्हता, म्हणून हाताची सावली करून त्याने तो बघितला. आणि पुसून टाकला.

हौदावर त्याने साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. काडी हौदाच्या कठड्यावर ठेवली होती, ती उचलून परत मुठीत घेतली आणि मग एका हाताने दुसरा हात तिसऱ्यांदा धुतला.

"झाले फोटो?" वनमालाने चहाचा कप पुढे केला.

"झाले."

"बरोबर आहे न सगळं?"

"हो."

त्याने कप घेतला आणि न पिता तो फाटकापर्यंत गेला, तिथून परत आला, लिंबांच्या रांगेपर्यंत गेला. कुठून आला असेल? मधमाशी तीन-तीन किलोमीटर फिरते. कुठल्या पडक्या भिंतीतलं मेलेलं पोळं, कुठे फेकलेला मधाचा डबा, काहीही असेल. त्याला उत्तर मिळणार नव्हतं.

दुसरं गणित मात्र त्याला नको असताना आपोआप सुटत होतं. रात्रीपासून तहानलेल्या, भुकेल्या माश्या जाळ्या निघाल्याबरोबर बाहेर पडतील. आजारी पेटी कमजोर असते, तिच्या दाराशी राखण नसते. घटकाभरात त्यांना तिचा पत्ता लागेल. त्या मध लुटतील आणि आंब्याखालच्या प्रत्येक पेटीत नेऊन ठेवतील. रात्री ट्रक बालाघाटला जाईल. महिन्या-दोन महिन्यांनी तिथे जंगलात वास सुटेल, आणि अंजनाबाई म्हणेल, संत्र्याच्या बागेतूनच आलं असेल. त्याच्यावर बोट ठेवणार कोण? उलट, फोटो काढून ठेवतो असं तो चार माणसांसमोरच बोलला होता. इकडे काही निघालंच, तर ते तिच्याकडून आलं, असंच सगळे म्हणतील.

एवढं सगळं जुळून आलं होतं, आणि त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं.

कपातल्या चहावर साय धरली. त्याने तो लिंबाच्या आळ्यात ओतला आणि तो आंब्यांकडे निघाला.

पेट्या सावलीत ओळीने मांडून झाल्या होत्या. धोंडबा गोणपाटं ओली करून झाकणांवर टाकत होता. अंजनाबाईने एक पेटी उपडी केली, तेव्हा मेलेल्या माश्यांचा ढीग पडला. काळ्या, ओल्या, अंगाला अंग चिकटलेल्या. तिने ढिगात बोट घालून राणी शोधली, सापडली तशी परत ठेवली. प्रेमानंदला बघून ती उठली.

"पाच-सहा गेल्या बहुतेक. बाकीच्यांत आवाज आहे. तुम्ही जागा दिली म्हणून, भाऊ, नाही तं..." तिने वाक्य अर्धंच सोडलं. "झालं न पाहून तुमचं? आता जाळ्या काढते. पाण्याले जाऊ दे त्याइले."

तिने पक्कड उचलली आणि पहिल्या पेटीपुढे बसून जाळीचा खिळा पकडला.

"थांबा."

तिने पक्कड आपटली. "आता काय राहिलं गा तुमचं? पेट्या पाहिल्या, बादली वेगळी केली, फोटो काढले. आता का माह्या माश्या पायताणं काढून याव्या?"

प्रेमानंदने मूठ उघडली. घामाने काडी तळहाताला चिकटली होती.

"माह्या पेट्यांत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"अळ्या सडून राहिल्या. धागा निघते."

अंजनाबाईने त्याचं मनगट धरून हात नाकाजवळ नेला. वास घेतला. हात सोडला नाही.

"किती पेट्यांत?"

"दोन पक्क्या. तिसरीचा भरवसा नाही. बाकीच्या अजून पाहायच्या आहेत."

"कवा दिसलं?"

"मघाशी."

"मघाशी म्हणजे? बाईनं तुमच्या हाती चहा देल्ला, त्याच्या पहिले का मंग?"

"पहिले."

तिने मान हलवली. मग त्याचा हात सोडून ती पुन्हा पेटीपुढे बसली आणि अर्धवट उपसलेला खिळा पक्कडीच्या मुठीने ठोकून आत बसवला.

"धोंडबा," ती न वळता म्हणाली, "जाळ्या काढायच्या नाही. पाणी आण."

दुपार तशीच गेली. वनमालाला त्याने हौदापाशी सगळं सांगितलं. ती पाइप ओढत आंब्यांकडे गेली. ओल्या गोणपाटांमधून वाफ निघत होती. जाळीतून पाण्याचा बारीक फवारा आत सोडायचा, कान लावायचा, पुढच्या पेटीकडे जायचं. एखाद्या पेटीतला आवाज बंद झाला, की अंजनाबाई तिच्या झाकणावर क्षणभर तळहात ठेवी आणि उठे. जाळ्या काढल्या असत्या तर त्या पेट्या वाचल्या असत्या. हे तिला माहीत होतं, प्रेमानंदलाही. 

प्रेमानंदने उरलेल्या पेट्या तपासल्या. तिसरीतूनही अखेर धागा निघाला. बाकीच्यांत काही दिसलं नाही, पण आता दिसलं नाही या शब्दांचा त्याला आधार वाटत नव्हता. पोळ्याचा एक तुकडा कापून त्याने तपासणीला पाठवण्यासाठी डब्यात बंद केला. मग फावडं घेऊन लिंबांच्या मागे खड्डा खणायला लागला. माती कडक होती. तो थांबत नव्हता, घाम पुसत नव्हता, पाणी मागत नव्हता.

अंजनाबाई पदराने तोंड पुसत येऊन काठावर उभी राहिली.

"इथं नको. नाल्याचा उतार आहे. तिकडं घ्या."

त्याने जागा बदलली.

"अजून खोल. राखेवर हातभर माती आली पायजे. अन् चौकटी उभ्या नका ठेवू, आडव्या रचा, खाली लाकडं. नाही तं मेण वितळून बाजूच्या मातीत जिरते अन् जळत नाही. पेटीवरची खरवडबी आतच टाका. धुराडं, पटाशी मंग जाळावर तापवून घ्या."

वनमाला पाइप गुंडाळत मागे उभी होती. "बाई," तिने सहज विचारलं, "तुम्ही पहिलेबी केलं का हे?"

अंजनाबाई खड्ड्याकडे बघत राहिली. लिंबात एक कोतवाल पक्षी कर्कश ओरडला आणि उडून गेला.

"दिवाळीत," ती म्हणाली. "अर्ध्याच्या वर पेट्या जाळल्या."

फावडं मातीत तसंच रुतून राहिलं.

"मी फाटकावर विचारलं होतं," प्रेमानंद म्हणाला.

"विचारलं होतं."

"तुम्ही नाही म्हणाल्या."

"आता नाहीच आहे. दिवाळीपासून एक-एक पोळं पाहतो आम्ही. तुम्हीबी पाहिलं." तिचा सुजलेला डोळा आता पुरता मिटला होता. दुसऱ्याने ती त्याच्याकडे बघत होती. "सांगतलं असतं, तं उघडलं असतं फाटक?"

प्रेमानंदने फावड्याच्या दांड्याकडे बघितलं. दांड्यावर त्याच्या हाताच्या साली निघाल्याचे ओले डाग होते.

"नाही," तो म्हणाला.

"मंग."

ती आंब्यांकडे निघून गेली. त्याने फावडं उपसलं आणि पुन्हा खणायला लागला.

ऊन कलल्यावर वाडीहून मिस्त्री आला, ट्रकखाली शिरला, आणि दिवेलागणीच्या आधी गाडी चालू झाली. धोंडबाने आणि हमालांनी पेट्या चढवल्या. आवाज बंद झालेल्या पेट्यासुद्धा चढवल्या. तोवर प्रेमानंदच्या माश्या दिवसभराचा फेरा संपवून घरी परतत होत्या. आजारी पेट्यांतल्याही. मांड्यांना परागाचे पिवळे गोळे घेऊन त्या दारात उतरत आणि आत शिरत. सगळ्या आत येईपर्यंत त्याला थांबावं लागलं. थांबणं त्याला जमत नव्हतं, तो रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला.

मग ओल्या मातीने तिन्ही दारं लिंपली. झाकणाच्या फटीतून पेट्रोल ओतलं. आतला आवाज एकदम चढला, इतका की वनमालाने कानांवर हात ठेवले. आणि थांबला.

पेट्या त्याने एकट्याने उचलून नेल्या. अंजनाबाईने सांगितलं होतं तशा चौकटी आडव्या रचल्या. सकाळची ती काडीही सगळ्यात वर टाकली. जाळ धरला तेव्हा मेणाने भडका घेतला, आणि काही क्षण सगळ्या वावरात तापलेल्या मधाचा वास भरला, कोणाच्या घरी सणाचा पाक शिजत असावा तसा. अंजनाबाई जाळापासून लांब, ट्रकच्या पायरीला टेकून उभी होती. प्रेमानंद तिच्याकडे गेला.

"बालाघाटले कोणाच्या जागेत ठेवता?"

"भैय्याजी म्हणून आहेत. जुनी वळख आहे. जंगलाच्या कडेले त्याइच्याबी पेट्या आहेत."

"त्यांना सांगाल?"

"काय?"

"दिवाळीचं. अन् आज दिवसभर माह्याकडं होत्या म्हणून."

ती हसल्यासारखी झाली. "भाऊ, तुमच्या पायाखाली वावर आहे. तुम्ही खरं बोलले, तं तीन पेट्या गेल्या, अजून जातीन, पण तुम्ही इथंच राहिले. मी खरं बोलली, तं मले गाडी उभी करायले जागा नाही."

 "बाकीच्या पेट्या मी बंद ठेवतो," तो म्हणाला. "राहायचं असलं तं..."

"तुमच्याकडं? आता?" तिने जाळाकडे बघितलं. मग वनमालाचे दोन्ही हात धरले, काहीतरी पुटपुटली, आणि गाडीत चढली.

ट्रक फाटकातून बाहेर पडला. त्याचे मागचे तांबडे दिवे गोदामांच्या भिंतीलगत सरकत गेले. प्रेमानंद खड्ड्याकडे परतला, लांब काठीने जाळ सारखा करू लागला. मेण फुटून तडतडत होतं.

"पुन्हा बिघडली का गाडी?" वनमाला म्हणाली.

त्याने मान वर केली. मोठा रस्ता लागण्याच्या अलीकडे ट्रक थांबला होता. इंजिन चालू होतं, त्याची घरघर इथवर येत होती. केबिनमधला दिवा लागलेला होता. एवढ्या लांबून नीट दिसत नव्हतं, पण धोंडबाच्या शेजारी बसलेल्या अंजनाबाईचा हात फोन धरल्यासारखा कानाशी होता.

प्रेमानंद काठी घेऊन चार पावलं पुढे गेला. मागे आला. हात खाली येत नव्हता. मागून आलेल्या एका टेम्पोने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, आणि बाजूने धुरळा उडवत निघून गेला. जाळ बसत चालला होता. त्याने खड्ड्यावर माती लोटायला सुरुवात केली. दोन घमेली टाकली आणि पुन्हा वर बघितलं.

केबिनमधला दिवा विझला होता. ट्रक तिथेच होता.

"गेला नाही अजून," वनमाला म्हणाली.

तेवढ्यात ट्रकच्या मागे पांढरा दिवा लागला, आणि रिव्हर्सचा हॉर्न वाजू लागला. बारीक, चिरका, थांबून थांबून.

प्रेमानंदने घमेलं टाकलं आणि तो धावत रस्त्यावर गेला. एका बाजूला नाली होती, दुसऱ्या बाजूला गोदामवाल्याने टाकलेला मुरमाचा ढीग, आणि अंधार पडत आलेला. तो ट्रकच्या मागच्या कोपऱ्याशी पोचला, धोंडबाच्या आरशात दिसेल असा उभा राहिला, आणि रोज गोदामात करतो तसा एक हात उंच धरून दुसऱ्या हाताने ट्रकच्या अंगावर थाप मारत मागे-मागे चालू लागला. जाळीआडून पेट्यांची घरघर त्याच्या तळहाताला लागत होती.

"आने दो," तो ओरडला. "आने दो, आने दो. लेफ्ट काटो. बहुत जगह है."